उतरती बोली

लिलाव हा शब्द याच किनाऱ्यावरून
गलबतात बसून आपल्याकडे आला,
पण त्याची एक खोड इथंच राहिली:
इथं बोली चढत नाही.
उतरते.

पेनिशच्या बंदरात, मासळीच्या दालनात
फळ्यावर लाल आकडा पेटतो, किलोला चार युरो वीस,
आणि ओहोटीसारखा खाली सरकू लागतो.
चार पंधरा. चार दहा.
जो आधी थांबवील, माल त्याचा.
वर चार पैसे टाकून
हिसकावून घ्यायची सोय नाही.

दिओलिंदा पिरिश बत्तीस वर्षं
तिसऱ्या पायरीवर उभी राहते, खांबाला टेकून.
तिथून फळा बरा दिसतो.
इतरांचे अंगठे त्याहून बरे दिसतात.
पूर्वी ओरडून थांबवत: 'चुई!'
आता ज्याच्या त्याच्या मुठीत रबरी बटण,
तरी दाबताना ती ओठांतल्या ओठांत म्हणतेच, चुई.
मूठ मात्र कोटाच्या खिशात.
झाकलेली.

बहिणीचा नातू तोमे शिकायला आला.
पहिल्या दिवशी त्यानं तीन ऐंशीलाच दाबलं,
आकडा निसटेल म्हणून.
व्हॅनमध्ये ती म्हणाली,
'यातले साठ सेंट तुझ्या धडधडीचे.
ते खानावळवाला देत नाही.'
दुसऱ्या दिवशी तो दगड झाला.
तीन. दोन नव्वद.
अजून उतरेल, थोडं अजून,
आणि मागे कुणाचा तरी अंगठा हलला.
परतताना व्हॅनमध्ये
फक्त कालचा वास.

'मग कळायचं कसं?'
'इथं कळत नाही. आदल्या रात्री कळतं.
चष्मा लाव, जुन्या बिलाच्या पाठीवर एक आकडा लिही,
बर्फ धर, डिझेल धर, न खपणारा एक क्रेट धर.
सकाळी आधी कल्ले बघ, मग बोट कुणाची ते बघ,
आणि मग नुसती वाट बघ.
फळ्याकडे बघून जो ठरवतो
त्याचं फळाच ठरवतो.'

समोरच्या कठड्याला झेफेरिनो,
ओले बूट, सिगरेट न पेटवलेली.
त्याच्याही खिशात कागद आहे.
त्याच्या आकड्याखाली गेलं की तो माल उचलतो,
सरळ डबे भरणाऱ्या कारखान्यात नेतो, हुज्जत नाही.
वर टपोऱ्या तारल्या मांडून
खाली चुरा दडपणारे एखादा हंगाम चालतात.
त्याचा क्रेट उलटा केला
तरी तसाच दिसतो.

ऑक्टोबरातला गुरुवार.
मासळी उदंड, गिऱ्हाईक जांभया देणारं.
झेफेरिनोचे चौदा क्रेट सरकत्या पट्ट्यावर आले,
आकडा चारवर पोचला नाही तोच
दिओलिंदानं दाबलं.
दालनात कुणीतरी हसलं.
तोमेनं मान खाली घातली. म्हातारी झाली, त्याला वाटलं,
तीनला मिळालं असतं,
अडीचलासुद्धा.

संध्याकाळी वारा फिरला.
शुक्रवार, शनिवार, रविवार
एकही बोट धक्का सोडून गेली नाही.
तिचे चौदा क्रेट बर्फात होते,
आणि गावातल्या खानावळींना तिचा नंबर पाठ होता.

'तुला ठाऊक होतं?'
'गुडघा दुखत होता.'
'आणि त्याच्या इंजिनाचा हप्ता थकलाय,
सगळं बंदर बोलतंय, तेही ठाऊक होतं?'
ती खवले काढत राहिली.
खवले उडून तिच्या चष्म्यावर बसले,
तिनं पुसले नाहीत.

सोमवारी समुद्र निवळला.
आकडा पेटला, अंगठे जागे झाले.
तोमेच्या खिशात बिल होतं, पाठीवर आकडा,
दोनदा खोडून लिहिलेला.
पण त्यानं फळ्याकडे पाहिलं नाही आधी.
पट्ट्यावरून येणाऱ्या क्रेटांवरची नावं
वाचत राहिला,
एकेक.